गुडघ्याखालची ओळख

कल्याणच्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताची पहिली जागा आवडाबाईंची. रेतीबंदराकडच्या कोळीवाड्यातून त्या सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघायच्या आणि बाजाराचा पत्रा तापायच्या आत आपल्या पाटावर बसलेल्या असायच्या. समोर बोंबील, कोळंबी, खाडीचे निवटे आणि दोऱ्यांनी जखडलेली चिंबोरी. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, गळ्यात आणि कानांत सोनं. राणीची भूमिका करणाऱ्या एखाद्या नटीनं येऊन शिकून जावं, असा त्या बसण्याचा थाट होता. फरक एवढाच की राणी प्रजेकडे वरून बघते आणि आवडाबाई खालून बघत.

मासे कापणाऱ्या बाईला मान वर करायची सोयच नसते. कोयता पायाखाली दाबलेला, हातात निसटता मासा. नजर हलली की बोट गेलं. त्यामुळे पाटीच्या पलीकडे जे दिसायचं ते गिऱ्हाइकाचं गुडघ्यापर्यंतच. तीस वर्षं आवडाबाईंनी कल्याण गाव बघितलं ते असं, गुडघ्याखालून.

आणि पाय तोंडापेक्षा खरं बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. "परवडत नाही, चालले मी" असं एखादी बाई ठसक्यात म्हणाली, तरी तिची पावलं पाटीकडेच वळलेली असली तर आवडाबाई भाव एका पैशानंही सोडत नसत. पण बोलणं गोड आणि चवडे दाराकडे फिरलेले असले, तर त्या लगेच दोन बोंबील वर टाकत. बायकोनं पाठवलेला नवरा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहतो, हौसेनं आलेला दोन्ही पाय रोवून उभा राहतो. शाळेतल्या बाईंच्या टाचा खडूनं पांढऱ्या असतात आणि गिरणीतल्या माणसाच्या पिठानं, पण खडू बोटांच्या फटीत राहत नाही आणि पीठ राहतं. असं शास्त्र त्या कुणी विचारलं तर कोळंबी सोलता सोलता सांगून टाकत.

त्यांचे यजमान गोमाजी म्हणत की ही सवय तिला बोहल्यावरच लागली. लग्नात मान खाली घालून उभी असताना अंतरपाटाखालून तिला नवऱ्याचे पायच तेवढे दिसले, आणि ते बघूनच तिनं हो म्हटलं. खाडीत होडी घालून आयुष्य काढलेला हा माणूस आता अंगणात बसून जाळी विणायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की माझं तोंड बायकोनं नीट पाहिलंय की नाही याची मला अजून खात्री नाही.

पोलिसांशी आवडाबाईंचा संबंध आला तो त्र्यंबक हवालदारामुळे. बाजारातल्या चौकीवर हा नेमणुकीला होता. जाडजूड, बोलका, आणि बोंबलांचा भक्त. त्र्याऐंशी साली बाजारात पाकिटं जायला लागली. एका रविवारी त्र्यंबक मासे घेत असताना आवडाबाईंनी मान न उचलता त्याला सांगितलं, की तिसरा रविवार झाला, एक फाटक्या टाचेचा माणूस येतो, तासभर फिरतो, कधी काही घेत नाही. मासळी बाजारात वास खायला कोण येतं? त्र्यंबकनं त्या टाचेचा माग काढला, तर तिच्या वरच्या खिशात चार लोकांची पाकिटं निघाली.

तेव्हापासून चौकीत आवडाबाईंना मान मिळायला लागला. एकदा त्यांना बोलावून भिंतीवरचे सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले गेले. बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि सगळे एकाच आईचे दिसतात असं सांगितलं. मग विचारलं, "पाय कंच्या फोटूत हाईत?" त्या दिवशी चौकी हसली, पण त्र्यंबक हसला नाही. त्यानं घरून एक जुनी वही आणली आणि पकडलेल्या प्रत्येक भामट्याच्या पावलांचं वर्णन तीत लिहून ठेवायला सुरुवात केली. कुणाची करंगळी वर चढलेली, कुणाचा घोटा बाहेर आलेला, कुणी चवड्यावर चालणारा. ही वही सरकारी नव्हती, पण सरकारी रजिस्टरापेक्षा जास्त उघडली जायची.

नाटकवाल्यांना यातलं मर्म चटकन कळेल. मुकुट चढतो, मिशी चिकटते, आवाज बदलतो, पण रंगभूषा गुडघ्यावर येऊन थांबते. पहिल्या रांगेत बसलेल्या पोराला राजाच्या टाचांच्या भेगा दिसतात आणि तो ओरडतो, अरे, हा तर आपला धोबी! सराईत चोराचंही तसंच असतं. एकदा एक भुरटा डोकं भादरून, कपाळाला भस्म फासून गोसाव्याच्या वेषात बाजारात आला आणि बायकांना आशीर्वाद देत फिरू लागला. आवडाबाईंनी त्याच्या पावलावर नजर टाकली आणि म्हणाल्या, महाराज, गेल्या वर्षी तुम्ही कुल्फी विकत होतात. महाराज जे पळाले ते चौकीच्या दारातच अडखळले. चार-पाच वर्षांत असे सहा-सात जण आवडाबाईंच्या पायाशी आले म्हणायचे. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. कोळणी एकमेकींना म्हणत, आवडी पायावर बोट ठेवते आणि हवालदार मानेवर.

ही कीर्ती वाढली आणि तिनंच पुढचा घोटाळा केला.

अठ्ठ्याऐंशीचा माघ महिना होता. रविवारी बाजार फुललेला. निवृत्त नर्स गंगुबाई नेहमीप्रमाणे पापलेटचे कल्ले उघडून बघायला खाली वाकल्या होत्या. त्यांच्या मागे दोन पावलं येऊन उभी राहिली. टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. पायांत जुन्या कोल्हापुरी चपला, उजव्या चपलेचा अंगठा तुटून निळ्या वायरनं बांधलेला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आणि त्याच्यावर चढून बसलेलं. आवडाबाईंनी हे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी पावलं फिरली. गंगुबाईंनी गळ्याला हात लावला तर बोरमाळ नव्हती.

आवडाबाईंनी त्र्यंबकला सगळं सांगितलं, बोटही आणि वायरही. त्यानं वहीत लिहून घेतलं. पण माणसाचं मन आळशी असतं. बोट आठवायला कष्ट पडतात, निळी वायर आपोआप आठवते. सोमवार, मंगळवार, बुधवार आवडाबाई येणाऱ्या पावलांत निळं काही दिसतं का ते शोधत राहिल्या, आणि शोधता शोधता बोटाचं विसरल्या.

गुरुवारी बाजार थंड असतो. निम्मं गाव उपास करतं, कोळणी जांभया देतात. सकाळी दहाच्या सुमाराला आवडाबाईंच्या पाटीसमोरून दोन पाय झपझप गेले. उजव्या चपलेच्या अंगठ्याला निळी वायर.

आवडाबाईंनी एवढी मोठी हाक दिली की पत्र्यावरचे कावळे उडाले. "तिंबका, धर त्याला. तोच त्यो."

त्र्यंबक चौकीच्या पायरीवरच उभा होता. त्यानं धरला. बाजारातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. आवडाबाईंनी पदर सावरला आणि खाली बसून पुन्हा निवटे साफ करायला घेतले, जसं काही झालंच नाही. टाळी पडल्यावर तिच्याकडे बघायचं नसतं, ही गोष्ट मोठ्या नटांना फार उशिरा कळते; आवडाबाईंना ती उपजत कळत होती.

धरलेल्या माणसाचं नाव काळुराम. घाऊक भाजी बाजारात कांद्याची पोती उचलणारा हमाल, मूळचा जुन्नरकडचा, राहायला विठ्ठलवाडीच्या एका चाळीत. गळ्यात तुळशीची माळ. मासे-मटण वर्ज्य. रोज कामावर जाताना मासळी बाजारातून गेलं की पाव मैल वाचतो म्हणून तो तिथून जायचा, पण उपरणं नाकाला लावून, श्वास रोखून, जवळजवळ पळतच. आवडाबाईंना कल्याणातली शेकडो पावलं पाठ होती, पण ती थांबणाऱ्यांची. माळकऱ्याचे पाय मासळी बाजारात थांबतात कुठे? काळुराम दहा वर्षं त्यांच्या समोरून जात होता आणि त्याची पावलं त्यांनी कधी धड पाहिलीच नव्हती.

दुपारी त्र्यंबक बाईंकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. चौकीला नवे फौजदार आले होते, तरणे, कडक, कागदाला कागद जोडणारे. त्यांनी त्र्यंबकची वही पाहिली, निळी वायर पाहिली, आणि उद्या दुपारी आरोपीला कोर्टात उभं करायचं ठरवलं. पण काळुराम ओरडून सांगत होता की मी माळकरी आहे, मला माळेचीच शपथ. भाजी बाजारातले वीस-पंचवीस हमाल येऊन चौकीसमोर नुसते उभे होते, काही न बोलता, आणि त्र्यंबकला त्या न बोलण्याचीच धास्ती वाटत होती. शिवाय काळुरामची बायको मालन आली होती. रविवारी त्यांच्या मुलीला, चंद्रभागेला, बघायला जुन्नरकडून पाहुणे यायचे होते. मुलाचा बाप धोंडिबा हा गावचा वजनदार माणूस. पोरीचा बाप चोरीत अडकला असं त्याच्या कानावर गेलं, तर तो गाडीतून उतरणारसुद्धा नाही, आणि या पोरीला पुन्हा दुसरं स्थळ यायचं नाही.

आवडाबाईंनी हात धुतले, पाटी शेजारणीच्या, सगुणाच्या, हवाली केली आणि उठल्या.

चौकीत कोठडीबाहेर चपला काढून ठेवायची पद्धत असते. काळुराम आत अनवाणी बसला होता. आवडाबाई दारातून आत शिरल्या आणि सवयीप्रमाणे त्यांची नजर आधी जमिनीवर गेली. समोर हमालाचे पाय होते. रुंद, पसरलेले, पाच बोटं पाच दिशांना. पोती वाहून तळवे भाकरीसारखे चपटे झालेले. अंगठा सगळ्यांत मोठा, आणि त्याच्याशेजारचं बोट बिचारं आपल्या जागी गुमान.

त्या तिथेच थांबल्या. बाजारात टाळ्या वाजवलेल्या बायका त्यांना आठवल्या असतील, पाच वर्षांचा मानही आठवला असेल. गप्प बसायला काही लागत नव्हतं. सगळे त्यांच्याच शब्दावर विसंबून होते. कोपऱ्यात मालन डोळ्यांत अंगार घेऊन बसली होती. तिच्याकडे बघण्याचा धीर आवडाबाईंना झाला नाही. त्यांनी फौजदारांच्या टेबलाकडे तोंड केलं.

"सायेब, मी चुकलू," त्या म्हणाल्या. "चपला त्याच हाईत. पाय ते नाय."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. सकाळी सगळ्या बाजारादेखत तोच म्हणालात, आता म्हणता नाही. पोलीस खातं म्हणजे काय मासळीचा भाव आहे, सकाळी एक आणि दुपारी एक? असं त्यांनी बरंच ऐकवलं. बाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

तेव्हा आतून काळुराम बोलला. "साहेब, त्या चपला माझ्या न्हाईतच. सकाळधरनं त्येच सांगतोय, कुनी ऐकंल तर ना."

आणि त्यानं सांगितलं ते असं. काल विठ्ठलवाडीच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. मांडवाबाहेर चपलांचा हा ढीग. कीर्तन, प्रसाद, सगळं आटोपून तो बाहेर आला तर त्याच्या चपला गायब आणि ही एक जोडी उरलेली. सप्ताहात असं व्हायचंच. ज्याच्या गेल्या त्यानं उरलेल्या घालाव्या आणि रामकृष्ण हरी म्हणावं, असा रिवाज. अनवाणी कांदा बाजारात काम होत नाही. त्यानंही देवाचं नाव घेतलं आणि त्या पायांत घातल्या. करकचून लागत होत्या, तरी घातल्या.

फौजदार म्हणाले की पकडलेला प्रत्येक माणूस अशीच कथा सांगतो. पण आवडाबाईंचं डोकं आता चालायला लागलं होतं. त्यांनी काळुरामला विचारलं की तुझ्या गेलेल्या चपला कशा होत्या. हमालाला आपल्या चपला पोरासारख्या माहीत असतात. टायरचा तळ, रुंद पट्टा, उजव्या खांद्यावर ओझं घेतो म्हणून उजवी बाहेरच्या अंगाला झिजलेली, आणि तिथे चांभारानं लाल रबराचा तुकडा ठोकलेला.

"मंग चोर आता त्याच घालून फिरतो," आवडाबाई म्हणाल्या. "माजी धास्ती घेतलीन त्यानं. मुद्दाम बदलल्यान."

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. उद्या दुपारी बारापर्यंत मी थांबतो, म्हणाले, त्यानंतर कागद जातो. उद्या शुक्रवार, मासळीचा मोठा दिवस, तुमचा चोर येणार असेल तर उद्याच येईल.

घरी आल्यावर आवडाबाई जेवल्या नाहीत. गोमाजींनी सगळं ऐकून घेतलं, जाळ्याची गाठ पुरी केली आणि शांतपणे म्हणाले, "माजे पाय बगून व्हय म्हनालीस ना? मंग चुकायची ही पयली येल नाय तुजी." आवडाबाईंना हसू आलं, आणि हसू आल्यावर भाकरीही गेली.

शुक्रवारी बाजार गजबजला. त्र्यंबक साध्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन सगुणाच्या पाटीसमोर उभा राहिला, गिऱ्हाईक म्हणून. पण पोलिसाला गिऱ्हाइकाची भूमिका वठवणं अवघड जातं. एकच पापलेट तो उलटा-सुलटा करत अर्धा तास उभा होता. सगुणा वैतागून म्हणाली, "हवालदार, येवढा येल तर नवरी बगायला पन लागत नाय. न्या नायतर सोडा त्याला, त्यो लाजला." आजूबाजूच्या कोळणी खो-खो हसल्या. त्र्यंबक लाल झाला, पण हलला नाही.

आवडाबाई मात्र हसत नव्हत्या. दहा वाजले, साडेदहा झाले. त्यांनी त्या दिवशी दोनदा बोट कापून घेतलं, कारण त्या कोळंबीकडे बघतच नव्हत्या. शेकडो पावलं गेली. खडूची गेली, पिठाची गेली, चिखलाची गेली. आज त्यांनी ठरवलं होतं की चपलेवर विश्वास ठेवायचा नाही. आधी चप्पल बघायची, मग बोटं बघायची, आणि बोटं बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

अकरा वाजून गेले असतील. एक म्हातारी चिंबोरी निवडायला वाकली आणि तिच्या मागे दोन चपला येऊन थांबल्या. टायरचा तळ. रुंद पट्टा. उजवीच्या बाहेरच्या अंगाला लाल रबर. चप्पल मोठी आणि पाय लहान. मागे दोन बोटं जागा मोकळी. आवडाबाईंनी हाक दिली नाही. त्यांनी पट्ट्यातून बाहेर आलेली बोटं पाहिली. अंगठ्याशेजारचं बोट लांब, आणि अंगठ्यावर मांडी घालून बसलेलं. आणि मग त्या टाचा हळूच जमिनीवरून उचलल्या गेल्या.

हाक दिली तर तो पळणार, हे आवडाबाईंना कळत होतं. त्र्यंबक चार पावलांवर होता, पण त्र्यंबकची चार पावलं म्हणजे दुसऱ्याची दहा. मग बाईंनी एक केलं. कोयता बाजूला सारला, पाटीवरून पुढे झेपावल्या आणि त्या माणसाचा घोटा दोन्ही हातांनी धरला.

खाडीतली बुळबुळीत वाम हातात धरून ठेवायची सवय असलेली ती मूठ. माणूस ओढू लागला, बाई सोडेनात. त्यानं पाय झटकला तर काळुरामची ढगळ चप्पल निसटली, ओल्या फरशीवर त्याचा दुसरा पाय घसरला आणि तो बोंबलांच्या पाटीत बसला. चिंबोरी निवडायला वाकलेल्या म्हातारीच्या गळ्यातली साखळी त्याच्या मुठीतून खाली पडली. भोवतालच्या गिऱ्हाइकांना आधी काही कळेना. आवडाबाईंसारखी बाई एका परक्या पुरुषाचे पाय धरून बसलीय, म्हणजे हिच्या हातून एवढं काय पाप घडलं, असं एक म्हातारे गृहस्थ खरोखरच विचारत होते. तोवर त्र्यंबक आला आणि त्या माणसावर सगळ्या वजनानिशी बसला. त्याच्या हातात पापलेट तसंच होतं.

त्या माणसाला ठाणे शहरात मोरू म्हणत. डोंबिवलीत तो दुसऱ्याच नावानं एकदा सापडला होता आणि कल्याणात तिसऱ्या. तीन नावं, तीन वेगळ्या मिशा, म्हणून एकाचं दुसऱ्याशी कुणी जुळवलं नव्हतं. त्र्यंबकच्या वहीत मात्र त्याचं बोट होतं, पंच्याऐंशी सालचं, त्र्यंबकच्याच अक्षरात; निळ्या वायरीच्या नादात ते पान त्यानंही उलटलं नव्हतं. नवे फौजदार ती वही बराच वेळ चाळत बसले. मोरूनं सगळं कबूल केलं. कल्याणात एक बाई पाय ओळखते असं त्याला सोबत्यांनी सांगितलं होतं, म्हणून तो सप्ताहात मुद्दाम चपला बदलायला गेला. कीर्तन मात्र चांगलं झालं, म्हणाला. गंगुबाईंची बोरमाळ दोन दिवसांत परत मिळाली, नुसता फासा बदलावा लागला.

बाराला दहा मिनिटं असताना काळुरामला सोडलं. तो बाहेर आला, स्वतःच्या चपला पायांत घातल्या, आणि आवडाबाईंकडे न बघता हमालांबरोबर निघून गेला. बाईंनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची भरपाई माशांनी केली होती. कुणाशी भांडण झालं, एक सुरमई पाठवायची. सून रुसली, कोळंबी. या माणसाला काय पाठवणार?

त्र्यंबकनं शनिवारी बातमी आणली. धोंडिबा निघायच्या तयारीत होते तेव्हाच गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचा होणारा व्याही चौकीत आहे. शब्द दिला म्हणून ते येणार, पण चहा पिऊन परत जायचं असं ठरवूनच. काळुराम कितीही सांगो, चोरीच्या आळातून सुटलेला माणूस मी चोर नाही असंच म्हणणार ना?

रविवार हा आवडाबाईंच्या धंद्याचा सगळ्यांत मोठा दिवस. तीस वर्षांत त्यांनी रविवारची पाटी सोडली नव्हती. त्या रविवारी त्यांनी पाटी सगुणाकडे दिली. शिकेकाईनं, मग साबणानं, मग लिंबानं अशी तीनदा आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या, आणि त्र्यंबकला घेऊन विठ्ठलवाडीला निघाल्या. त्र्यंबक वर्दीत आला होता. त्याला त्यांनी अर्ध्या वाटेतून परत घालवलं आणि सदरा घालून ये म्हणून सांगितलं. पोरगी बघायच्या घरी पोलीस शोभत नाही.

काळुरामची खोली पाहुण्यांनी भरली होती. सतरंजीवर धोंडिबा बसले होते, पांढरा फेटा, मिशा वळलेल्या, आणि पाय पोटाशी घेऊन, निघायच्या तयारीत. शेजारी नवरा मुलगा. मालन दारात आली, आवडाबाईंना पाहिलं, आणि तिनं वाट दिली नाही. आवडाबाईंनीही मागितली नाही. त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या आणि तिथूनच बोलल्या. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली नाही.

"पाव्हनं, मी मासली इकते. तुमच्या या याह्याला चोर म्हनून धरून दिला तो मी. समद्या बाजारासमोर दिला. त्याचा गुन्हा येवढाच, देवाच्या दारात उरलेल्या चपला त्यानं पायात घातल्यान. चूक माजी. खरा चोर मीच धरला, हवालदार साक्षीला हाय. तुमाला रागवायचं तर माज्यावर रागवा, पोरीवर नको."

त्र्यंबकनं मान हलवून साक्ष दिली आणि सवयीनं सलाम ठोकला; सदऱ्यावर तो फार विचित्र दिसला आणि आतल्या पडद्यामागे चंद्रभागेला हसू आवरेना. तिच्या हसण्यानं नवऱ्या मुलाचे कान लाल झाले.

धोंडिबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, की बाई, तुम्ही पायावरून माणूस ओळखता असं ऐकलं. तर हा आमचा पोरगा, बघा बरं याचे पाय, आणि सांगा कसा निघेल.

मुलानं घाईघाईनं पाय धोतराच्या घडीत ओढले. आवडाबाई हसल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या. "नाय वो. पायानं चोर कलतो, जावय नाय कलत. त्यो पोरीला बगू द्या."

धोंडिबाही हसले. आमच्या गावात, ते म्हणाले, दुसऱ्यावर आळ घेणारा माणूस मरेपर्यंत आपलंच खरं म्हणतो. तुमच्याकडे आळ घेणारं माणूस रविवारचा धंदा सोडून दारात येऊन बसतं. मग त्यांनी पाय पसरून नीट मांडी घातली आणि काळुरामला म्हणाले, की पोरीला बोलवा, आम्ही आता जेवूनच जाऊ.

काळुराम आत गेला. जायच्या आधी तो उंबऱ्यापाशी आला आणि त्यानं आवडाबाईंना हात जोडले. चंद्रभागा पोह्यांच्या बशा घेऊन आली. सगळ्यांना देऊन झाल्यावर मालन एक बशी हातात घेऊन दाराशी आली आणि उभी राहिली.

"आत या मावशी," ती म्हणाली. "उंबऱ्यात बसून खाऊ नये."

आवडाबाई म्हणाल्या की नको गं बाय, तीन येला आंघोल केली तरी वास जात नाही, तुमचं माळकऱ्यांचं घर.

"असू द्या की," मालन म्हणाली आणि तिनं बाईंच्या दंडाला धरून उठवलं. "उदबत्ती लावलीया."